राज्यव्यापी पदांचे उमेदवार (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

संपूर्ण राज्य हाच एक मतदारसंघ मानून थेट लोकांच्या मतांनी भरल्या जाणाऱ्या पदांना अमेरिकेत राज्यव्यापी पदे म्हणतात. भारतात या पातळीवर थेट निवडणूकच होत नाही. महाराष्ट्राचा मुख्यमंत्री आमदारांच्या बहुमतावर टिकतो, आणि खातेवाटप त्याच्याच हाती असते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मात्र गव्हर्नरबरोबर (म्हणजे राज्याच्या कारभाराच्या प्रमुखाबरोबर) आणखी काही पदाधिकारी स्वतंत्रपणे निवडून येतात. त्यामुळे गव्हर्नर एका पक्षाचा आणि सरकारची कायदेशीर बाजू सांभाळणारा अ‍ॅटर्नी जनरल दुसऱ्या पक्षाचा, असे चित्र अनेकदा दिसते. गव्हर्नर त्याला काढू शकत नाही.

गव्हर्नर सर्व 50 राज्यांत निवडला जातो, अ‍ॅटर्नी जनरल 43 राज्यांत. निवडणूक यंत्रणा सांभाळणारा सेक्रेटरी ऑफ स्टेट, खजिनदार, लेखापरीक्षक, शिक्षण, शेती किंवा विमा खात्याचे आयुक्त, काही ठिकाणी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, अशी ही यादी राज्यागणिक बदलते. मिशिगनमध्ये तीन मोठ्या विद्यापीठांची नियामक मंडळेसुद्धा राज्यभरच्या मतदानाने निवडतात. टेक्सासच्या ‘रेलरोड कमिशन’चा आज रेल्वेशी काहीही संबंध नाही, तेल आणि वायू उद्योगावर नियंत्रण ठेवणाऱ्या या आयोगाचे तीन सदस्य सहा-सहा वर्षांसाठी निवडले जातात. नॉर्थ कॅरोलिनात लिफ्टची तपासणी कामगार आयुक्तांच्या खात्याकडे असते. आयुक्त शेरी बेरी यांनी तपासणीच्या प्रमाणपत्रावर स्वतःचा फोटो छापायला सुरुवात केली आणि राज्यातल्या प्रत्येक लिफ्टमध्ये त्यांचा चेहरा दिसू लागला. असा प्रचार कोणत्याही होर्डिंगला जमणार नाही! त्या 2001 ते 2021 अशी सलग वीस वर्षे पदावर होत्या.

निवडणुकीला का उभा राहिलो याचे उमेदवार भाषणात सांगतो ते कारण ऐकावेच, पण खरे कारण शोधायचे तर तीन गोष्टी तपासाव्यात : त्या पदाला प्रत्यक्ष कोणते अधिकार आहेत, निवडणूक कोणत्या वर्षी येते आणि हरल्यास उमेदवाराच्या हातून काय जाते.

अधिकारांपासून सुरुवात करू. 44 राज्यांत गव्हर्नर अर्थसंकल्पातली एखादीच तरतूद कापून बाकीचा मंजूर करू शकतो. देशाच्या राष्ट्राध्यक्षालाही हा अधिकार नाही. अ‍ॅटर्नी जनरलच्या पदाचे वजन वाढले ते तंबाखू कंपन्यांवरील खटल्यांमुळे. मिसिसिपीने 1994 मध्ये पहिला दावा लावला आणि 1998 मध्ये 46 राज्यांशी झालेल्या तडजोडीत कंपन्यांनी पंचवीस वर्षांत 200 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे कबूल केले. वकिलाच्या खुर्चीत बसून देशभर नाव करता येते, हे तेव्हापासून सर्वांना कळले. नॉर्थ कॅरोलिनाचे रॉय कूपर आणि त्यांच्यानंतर जॉश स्टाइन हे दोघेही याच खुर्चीतून गव्हर्नर झाले. बिल क्लिंटन त्याआधीच आर्कान्सामध्ये याच वाटेने गेले होते. उलट लेफ्टनंट गव्हर्नरचे, म्हणजे उपगव्हर्नरचे पद बऱ्याच राज्यांत शोभेचे असते. टेक्सास त्याला मोठा अपवाद आहे : तिथे हा पदाधिकारी राज्याच्या सिनेटचे (वरिष्ठ सभागृहाचे) कामकाज चालवतो, समित्या नेमतो आणि कोणते विधेयक चर्चेला येईल हे बहुतांशी ठरवतो.

सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे 2020 पर्यंत फारसे कोणी पाहत नव्हते. त्या वर्षीच्या अध्यक्षीय निकालावरून वाद पेटल्यावर 2022 मध्ये तो निकाल न मानणारे अनेक उमेदवार याच पदासाठी उभे राहिले. अ‍ॅरिझोना, नेवाडा आणि मिशिगनमध्ये ते हरले.

वेळापत्रकाचे गणित प्रचारात कोणी बोलून दाखवत नाही, पण ते फार मोठे असते. न्यू जर्सी आणि व्हर्जिनियात गव्हर्नरची निवडणूक विषम वर्षी होते, काँग्रेसची सम वर्षी. 2025 मध्ये न्यू जर्सीच्या मिकी शेरिल यांनी लोकप्रतिनिधिगृहातली जागा न सोडता ही निवडणूक लढवली. हरल्या असत्या तरी वॉशिंग्टनमधली खुर्ची शाबूत होती. त्याच वर्षी व्हर्जिनियातून लढणाऱ्या अ‍ॅबिगेल स्पॅनबर्गर यांनी मात्र आधीच आपली जागा सोडली होती. दोघीही जिंकल्या, पण जोखीम सारखी नव्हती. शिवाय व्हर्जिनियात गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहता येत नाही, त्यामुळे दर चार वर्षांनी जागा मोकळी होते आणि इच्छुकांची रांग लागते.

काही जणांना मतदारसंघाची पुनर्रचना या पदांकडे ढकलते. नॉर्थ कॅरोलिनाच्या विधिमंडळाने 2023 मध्ये नकाशा बदलला आणि खासदार जेफ जॅक्सन यांची जागा हातची गेली. ते 2024 मध्ये अ‍ॅटर्नी जनरलपदासाठी उभे राहिले आणि निवडून आले. राज्याची सीमा काही विधिमंडळाला फिरवता येत नाही.

मतपत्रिकेवर नाव येणे हीच पहिली चाळणी. कॅलिफोर्नियात 2003 मध्ये गव्हर्नरला मुदतीआधीच परत बोलावण्याच्या निवडणुकीसाठी मतदारांच्या 65 सह्या आणि 3,500 डॉलर पुरेसे होते, म्हणून 135 उमेदवार उभे राहिले. जिंकले अभिनेते आर्नोल्ड श्वार्झनेगर. मिशिगनमध्ये गव्हर्नरपदाच्या पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीसाठी 15,000 वैध सह्या लागतात. त्या गोळा करायला बहुतेक उमेदवार पैसे देऊन माणसे नेमतात आणि घोळ तिथेच होतो. 2022 मध्ये 36 जणांनी जमवलेले कागद बनावट सह्यांनी भरलेले निघाले. वेगवेगळ्या उमेदवारांच्या अर्जांत मिळून अशा किमान 68,000 सह्या होत्या. परिणामी रिपब्लिकन पक्षाचे पाच इच्छुक स्पर्धेतून बाद झाले. त्यांत डेट्रॉइटचे माजी पोलीसप्रमुखही होते. पंधरा हजारच हव्यात म्हणून सोळा हजारांवर थांबणे किंवा फेरतपासणी न करता गठ्ठा जमा करणे, ही नेहमीची चूक.

दुसरी अडचण रहिवासाची. ओरेगनमध्ये गव्हर्नरपदासाठी निवडणुकीआधी तीन वर्षे राज्याचे रहिवासी असावे लागते. पत्रकार निकोलस क्रिस्टॉफ यांचे शेत आणि बालपण तिथलेच, पण 2020 चे मतदान त्यांनी न्यूयॉर्कमध्ये केले होते. मोहीम जोरात असतानाच, फेब्रुवारी 2022 मध्ये, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अपात्र ठरवण्याचा निर्णय कायम केला.

पैशाचे नियमही राज्यागणिक वेगळे. टेक्सास आणि व्हर्जिनियात व्यक्तीच्या देणगीला मर्यादाच नाही. मेनमध्ये गव्हर्नरपदाच्या उमेदवाराने किमान 5 डॉलरच्या 3,200 देणग्या गोळा केल्या तर सरकारी निधी मिळतो. स्वतःचा पैसा मात्र कुठेही कितीही ओतता येतो. 1976 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ही मुभा पक्की केली. इलिनॉयमध्ये जे. बी. प्रिट्झकर यांनी 2018 मध्ये स्वतःचे सुमारे 17 कोटी डॉलर खर्चून गव्हर्नरपद मिळवले. त्याच वर्षी बेळगावात वाढलेले उद्योजक श्री ठाणेदार यांनी मिशिगनमध्ये एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम घातली आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत तिसरे आले. पुढे 2020 मध्ये ते डेट्रॉइटमधून राज्याच्या प्रतिनिधिगृहात आणि 2022 मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये निवडून गेले. राज्यभर हरलेली निवडणूकही त्यामुळे सर्वस्वी वाया गेली असे म्हणता येत नाही.

जिंकण्याची शक्यता शून्य असूनही उभे राहणाऱ्यांना हौशी समजू नये. न्यूयॉर्कमध्ये छोट्या पक्षाची मान्यता राज्यव्यापी उमेदवाराच्या मतांवर टिकते. पूर्वी गव्हर्नरपदाला 50,000 मते मिळाली की चार वर्षांची निश्चिंती असे. 2020 पासून दर दोन वर्षांनी, म्हणजे अध्यक्षपदाच्या आणि गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत, 1,30,000 किंवा एकूण मतांच्या दोन टक्के, यांपैकी जो आकडा मोठा असेल तितकी मते लागतात. ग्रीन आणि लिबर्टेरियन पक्षांची मान्यता त्याच वर्षी गेली. मान्यता नसलेल्यांसाठी सह्यांची अट 15,000 वरून 45,000 झाली, मुदत मात्र सहा आठवड्यांचीच. 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदासाठी मतपत्रिकेवर दोनच उमेदवार उरले.