अमेरिकेतल्या डिजिटल कन्व्हर्टर बॉक्समध्ये अमुक का होतं आणि तमुक का नव्हतं

अमेरिकेत १२ जून २००९ ला मोठ्या टीव्ही स्टेशन्सनी ॲनालॉग प्रक्षेपण बंद केलं. ज्यांच्याकडे केबल किंवा डिश होती त्यांना फार फरक पडला नाही, प्रश्न होता तो नुसता अँटेना लावून जुना टीव्ही बघणाऱ्यांचा, आणि त्यात म्हातारी माणसं, कमी पगाराची घरं आणि खेड्यातले लोक जास्त. त्यांच्यासाठी आला कन्व्हर्टर बॉक्स, म्हणजे हवेतला नवा डिजिटल सिग्नल जुन्या ॲनालॉग टीव्हीला समजेल असा बदलून देणारा डबा. (आपल्याकडे मुंबईत २०१२ ला केबलचा सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला ती गोष्ट वेगळी, तो केबलवाल्याचा होता, हा हवेतला फुकट सिग्नल पकडणारा.)

हा बॉक्स कसा असावा हे कंपन्यांपेक्षा सरकारच्या कूपनने जास्त ठरवलं. चॅनल ५२ ते ६९ च्या लहरी रिकाम्या करून लिलावात विकायच्या आणि त्या पैशातून लोकांना मदत करायची असा कायदा होता. बॉक्स विकत घेताना वापरायची, प्रत्येकी ४० डॉलरची, एका घराला जास्तीत जास्त २ कूपनं, मुदत ९० दिवस. पण जनतेच्या पैशातून कुणी चैनीची वस्तू घेऊ नये म्हणून २००७ च्या नियमांत स्पष्ट लिहिलं की बॉक्सने फक्त सिग्नल बदलून द्यायचा. रेकॉर्डिंगची सोय दिली की कूपन नाही, एचडीएमआय (नव्या टीव्हीला एचडी चित्र पाठवणारं जोडणीचं तोंड) दिलं की कूपन नाही. म्हणजे आत एचडी चित्र पूर्ण डिकोड व्हायचं आणि मग ते साध्या ४८० ओळींवर उतरवून बाहेर यायचं. जुन्या टीव्हीला तेवढंच चालतं, त्यामुळे हे मला पटतं.

ट्यूनरच्या, म्हणजे हवेतला सिग्नल पकडणाऱ्या भागाच्या बाबतीत मात्र सरकारने कंजूषपणा केला नाही आणि हे खरंच चांगलं झालं. डिजिटल सिग्नल हळूहळू मुंग्या येत खराब होत नाही, एका पातळीखाली गेला की चित्र थेट गायब, आणि इमारतींवरून परावर्तित होऊन आलेल्या लहरींनी आधीचे रिसीव्हर फार गोंधळायचे. म्हणून बॉक्सने उणे ८३ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) इतका क्षीण सिग्नलही पकडलाच पाहिजे अशी अट घातली, शिवाय सिग्नल किती येतोय ते स्क्रीनवर दाखवायचं, म्हणजे अँटेना फिरवताना कळतं.

विजेचीही अट होती, बंद असताना २ वॅटपेक्षा जास्त खायची नाही आणि ४ तास कुणी रिमोटला हात लावला नाही तर बॉक्स आपोआप बंद. वीज वाचते हे बरोबर, पण रात्री व्हीसीआरवर रेकॉर्डिंग लावून झोपणाऱ्याने सेटिंग बदललं नसेल तर सकाळी टेप कोरी. त्यात बॉक्समध्ये ट्यूनर एकच, मग व्हीसीआर एक चॅनल रेकॉर्ड करतोय आणि आपण दुसरं बघतोय हे एका बॉक्सवर बंदच झालं. काही कंपन्यांनी ठरल्या वेळी चॅनल बदलणारा टायमर दिला, सगळ्यांनी नाही.

पण सगळ्यात वाईट चूक माझ्या मते पास-थ्रूची. पास-थ्रू म्हणजे बॉक्स बंद असला की अँटेनाचा ॲनालॉग सिग्नल तसाच टीव्हीत जाऊ देणं. हे का लागतं, तर कमी ताकदीच्या छोट्या स्टेशन्सना आणि डोंगराळ भागातल्या ट्रान्सलेटर्सना (मोठ्या स्टेशनचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारी छोटी केंद्रं) २००९ ची मुदत लागूच नव्हती, ती ॲनालॉगच राहिली, आणि त्यांत स्पॅनिश भाषेतली, चर्चची, गावातली अशी बरीच स्टेशन्स. नियमांत पास-थ्रूला परवानगी होती, सक्ती नव्हती. बऱ्याच पहिल्या मॉडेल्समध्ये ते नव्हतंच, मग स्प्लिटर आणि वेगळा स्विच लावायचा आणि स्प्लिटरमध्ये सिग्नल आणखी अर्धा व्हायचा, म्हणजे ज्याच्याकडे आधीच क्षीण सिग्नल त्याचंच नुकसान. छोट्या स्टेशन्सची संघटना २००८ ला कोर्टात गेली, तिथे काही मिळालं नाही. नंतर कंपन्यांनी सुधारित मॉडेल्स काढली, झेनिथच्या डीटीटी९०० मध्ये पास-थ्रू नव्हतं ते डीटीटी९०१ मध्ये आलं, पण तोवर अनेकांची कूपनं वापरून झाली होती. बहुतेक सगळ्या छोट्या स्टेशन्सचं ॲनालॉग शेवटी जुलै २०२१ ला बंद झालं, म्हणजे तब्बल १२ वर्षं त्या सोयीची कुठे ना कुठे गरज होती.