ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीचं इंजिन ऑइल : डब्याच्या पुढच्या बाजूला न छापलेला आकडा

कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर रोजच्या वापरातली गाडी घेऊन जाणारी मंडळी आता पुण्या-मुंबईतही बरीच झालीत, आणि जायच्या आदल्या आठवड्यात त्यांना हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "ट्रॅकवर इंजिन तापतं ना, मग जाड तेल घाला, सरळ २०डब्ल्यू-५० टाका". हा सल्ला अर्धा बरोबर आहे आणि म्हणूनच जास्त त्रासदायक आहे, कारण तेल तापल्यावर पातळ होतं हे खरं, पण जाड म्हणजे नक्की कधी जाड, कुठे जाड, हे कुणी विचारत नाही.

आधी डब्यावरचे आकडे पटकन संपवू. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याच्या आधीचा ५ सांगतो की कडाक्याच्या थंडीत (या ग्रेडची चाचणी उणे ३० आणि उणे ३५ अंशांना होते) तेल किती सहज हलतं. मागचा ३० सांगतो १०० अंशांना तेल किती घट्ट आहे. १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (घट्टपणा मोजायचं एकक) असेल तर ते ३०, १२.५ ते १६.३ असेल तर ४०, आणि त्याच्या वर २१.९ पर्यंत ५०. एवढंच. रस्त्यावर तेलाचं तापमान साधारण ९० ते ११० असतं, त्यामुळे १०० अंशांचं मोजमाप तिथे चालून जातं. ट्रॅकवर मात्र चार-पाच लॅप जोरात मारल्या की ते १३० च्या घरात जाऊ शकतं, आणि १०० ला ११ सेंटिस्टोक्स असलेलं साधं ५डब्ल्यू-३० तिथे ६ च्या आसपास येतं. ४० ग्रेड ८ च्या जवळ राहतं. म्हणजे ट्रॅकसाठी एक पायरी जाड तेल घ्यायला खरंच आधार आहे.

पण इंजिन वाचतं ते डब्यातल्या किंवा संपमधल्या (इंजिनच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्यातल्या) तेलाच्या घट्टपणावर नाही, बेअरिंगमध्ये दाबल्या जाणाऱ्या तेलाच्या घट्टपणावर, आणि ते दोन वेगळे असतात. मला या सगळ्या विषयात सगळ्यात आवडतो तो हाच भाग, त्यामुळे इथे जरा थांबतो.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगमधलं घर्षण मोजत होता. खाली तेलात बुडालेला फिरता आस, वर भार घेतलेलं अर्धगोल बेअरिंग. त्याने बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडायला भोक पाडलं, तर तेल आत जायच्या ऐवजी भोकातून वर येऊन सांडायला लागलं. त्याने बूच मारलं, दाबाने बूच निघून आलं. शेवटी तिथे गेज लावलं तेव्हा कळलं की तेलाचा दाब भाराच्या सरासरी दाबाच्या दुपटीपेक्षाही जास्त आहे, आणि तिथे पंप वगैरे काहीच नव्हता! आसाने स्वतःच तेल ओढून नेऊन अरुंद होत जाणाऱ्या फटीत कोंबलं होतं आणि त्या पाचरीने अख्खा भार उचलून धरला होता. पावसात जोरात जाताना टायरखाली पाणी कोंबलं जाऊन गाडी रस्त्यावरून उचलली जाते ना, तसंच. तीन वर्षांनी ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं आणि आजही इंजिनची बेअरिंग त्याच समीकरणावर डिझाइन होतात. म्हणूनच डॅशबोर्डवरचं ऑइल प्रेशर बघून निर्धास्त होऊ नका, पंपाचा चार-पाच बार दाब फक्त तेल बेअरिंगपर्यंत पोचवतो, भार पेलणारा दाब तेलाच्या त्या पाचरीत तयार होतो आणि तो शेकडो बार असतो.

आता ही पाचर किती टिकाऊ हे वेग आणि घट्टपणा यांच्या गुणाकारावर ठरतं, भार वाढला की ती बारीक होते. वेग आणि भार तर ट्रॅकवर आपणच ठरवतो, उरला घट्टपणा. ५० मिलिमीटर व्यासाचा क्रँकचा जर्नल (बेअरिंगच्या आत फिरणारा गोल भाग) ६००० आरपीएमला फिरतोय असं धरा, त्याचा पृष्ठभाग सेकंदाला जवळपास १६ मीटर म्हणजे ताशी ५६ किलोमीटरने पळतोय, समोरचं बेअरिंग स्थिर आहे, आणि मधे फट आहे ०.०२५ मिलिमीटरची. १६ मीटरला ०.००००२५ मीटरने भागा, सेकंदाला सहा लाखांच्या वर शिअर रेट (तेलाचे थर एकमेकांवरून किती जोरात ओढले जातात त्याचं माप) येतो, आणि भाराच्या बाजूला फट आणखी चेपलेली असते तिथे दहा लाखांच्याही पुढे जातो. इतक्या ओढाताणीत तेल तेच राहत नाही.

कारण मल्टिग्रेड तेलात नुसतं तेल नसतं. पातळ बेस ऑइल घेऊन त्यात लांबच लांब पॉलिमरचे रेणू विरघळवलेले असतात, त्यांना व्हिस्कॉसिटी इंडेक्स इम्प्रूव्हर म्हणतात. थंडीत हे रेणू आकसून गुंडाळी करून पडलेले असतात आणि फारसे आडवे येत नाहीत, गरम झाल्यावर ते पसरतात आणि तेल पातळ व्हायचा वेग कमी करतात (सगळ्या जातींचे पॉलिमर सारखेच पसरतात असं नाही, पण ढोबळ कल्पना हीच). म्हणून एकच तेल थंडीत ५ आणि गरमीत ४० सारखं वागू शकतं. पण दहा लाखांच्या शिअरमध्ये या गुंडाळ्या प्रवाहाच्या दिशेने ताणल्या जाऊन आडव्या होतात आणि मग त्यांचा घट्टपणाला उपयोग राहत नाही, बेअरिंगच्या आत तेल तेवढ्या क्षणापुरतं पातळ होतं, बाहेर आलं की पुन्हा पूर्ववत. शिवाय काही साखळ्या कायमच्या तुटतात, ते नुकसान भरून येत नाही.

हे पकडायला वेगळी चाचणी आहे, हाय टेम्परेचर हाय शिअर, म्हणजे एचटीएचएस : १५० अंश तापमान आणि सेकंदाला दहा लाख शिअर रेट. ३० ग्रेडला इथे किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद (हेही घट्टपणाचंच एकक) लागतो, ५डब्ल्यू-४० ला ३.५, २० ग्रेडला २.६. आता गंमत बघा, एसीईए या युरोपातल्या गाडी उत्पादकांच्या संघटनेच्या ए५/बी५ वर्गातल्या ५डब्ल्यू-३० तेलाचा एचटीएचएस २.९ ते ३.५ च्या मधे असतो, आणि ए३/बी४ किंवा सी३ वर्गातल्या ५डब्ल्यू-३० चा ३.५ किंवा जास्त. दोन्ही डब्यांवर पुढे मोठ्या अक्षरात ५डब्ल्यू-३० च लिहिलेलं. कमी एचटीएचएसचं तेल वाईट नाही, त्यात घर्षण कमी आणि इंधन वाचतं, ऑफिसला जायला-यायला ते उत्तमच. पण ट्रॅकवर जाणार असाल तर डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचा, आणि कंपनीच्या साइटवरची टेक्निकल डेटा शीट उघडून एचटीएचएस बघा.

मग थेट २०डब्ल्यू-५० का नको? मॅन्युअलमध्ये परवानगी असेल आणि जुन्या इंजिनात फटी मोठ्या असतील तर जरूर घाला. पण पुण्याच्या हिवाळ्यात सकाळी १५ अंशांना ते ५डब्ल्यू-४० च्या दुपटीहून जास्त घट्ट असतं, स्टार्ट केल्यावर वरच्या कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागापर्यंत) पोचायला वेळ लावतं, आणि व्हॉल्व्हचं टायमिंग तेलाच्या दाबावर बदलणाऱ्या नव्या इंजिनांना असं जड तेल धरूनच बनवलेलं नसतं. वर घट्ट तेल बेअरिंगमध्ये स्वतःच जास्त उष्णता तयार करतं.

अमेरिकेतल्या कॉर्व्हेटचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. सातव्या पिढीच्या कॉर्व्हेटला कारखान्यातून ५डब्ल्यू-३० यायचं आणि मॅन्युअल सांगायचं की ट्रॅकवर जाताना १५डब्ल्यू-५० भरा, परत आल्यावर बदला. २०१९ च्या मॉडेलपासून शेवरोलेने रस्ता आणि ट्रॅक दोन्हीला एकच ०डब्ल्यू-४० दिलं. चांगलं बेस ऑइल आणि टिकाऊ पॉलिमर असतील तर थंडीतला ० आणि गरमीतला ४० एकाच डब्यात बसतात. म्हणून ज्या गाडीला मॅन्युअल ३० आणि ४० दोन्ही चालतील म्हणतं तिच्यासाठी माझं उत्तर ०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४०, एचटीएचएस ३.५ च्या वर. फक्त २०च चालेल म्हणत असेल तर वॉरंटीत असताना मनाने ग्रेड बदलू नका, तेलाचं तापमान दाखवणारं गेज लावा आणि लॅप कमी मारा.

"रेसिंग" लिहिलेलं तेल रोजच्या गाडीत घालायचा मोहही नको. त्यात जस्त-फॉस्फरसचं झीजरोधक रसायन जास्त आणि मळ धुणारी रसायनं कमी असू शकतात, फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधतो, आणि अशी तेलं हजारो किलोमीटर ठेवायची नसतात. एकेकाळी रेसिंगमध्ये आणि पहिल्या महायुद्धातल्या विमानांत चक्क एरंडेल वापरायचे, धातूला छान चिकटायचं, पण डिंकासारखा थर साठायचा म्हणून इंजिन सारखं उघडावं लागायचं.

आणि वरून ओतायच्या त्या जादूच्या बाटल्या! स्लिक ५० नावाच्या टेफ्लॉनवाल्या द्रवाच्या जाहिरातींमधले झीज कमी होते वगैरे दावे पुराव्याशिवाय आहेत म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली, १९९७ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली, तरी आपल्याकडे अशा बाटल्या काउंटरवर रांगेने उभ्या असतात आणि "दोन बोटांत घासून बघा, कसं गुळगुळीत लागतंय" असा पुरावा दिला जातो. बोटांत ना १५० अंश असतात ना दहा लाखांचा शिअर.

शेवटचं काम डिपस्टिकचं. १ जी च्या वळणात (म्हणजे बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाएवढा असताना) संपमधल्या तेलाची पातळी सरळ ४५ अंशांनी तिरकी होते, लांब वळणात पिकअपचं (पंप जिथून तेल ओढतो त्या नळीचं) तोंड उघडं पडून पंप हवा ओढू शकतो, आणि मग कोणतंही महागडं तेल बेअरिंगपर्यंत पोचतच नाही. ट्रॅकवर उतरण्याआधी पातळी मॅक्सच्या खुणेला आणा (वर नको, क्रँक तेल घुसळून फेस करतो), प्रत्येक सेशननंतर गाडी सपाट जागी उभी करून पाच-दहा मिनिटांनी पुन्हा बघा, आणि दिवसभर जोरात चालवली असेल तर सर्व्हिसच्या तारखेची वाट न बघता तेल आणि फिल्टर बदला.