अंगावर पाजताना दिवस राहण्याच्या गोळ्या

भाची तासगावहून आली तेव्हा पर्समध्ये डॉक्टरांची तीन वर्षांपूर्वीची चिठ्ठी होती. मांडीवर अकरा महिन्यांचं पोरगं दूध पीत होतं. "आत्या, याच गोळ्यांनी हा राहिला. आता छत्तिसावं चालू आहे. मेडिकलमधून परत आणू का?" बाळंतपणानंतर तिला पाळी आलेलीच नव्हती. सासूबाईंचं म्हणणं, अंगावर पितंय तोवर दुसरं कुठलं!

सासूबाई निम्म्या बरोबर आहेत. बाळ ओढतं तेव्हा स्तनाग्राकडून मेंदूला संदेश जातो आणि दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन वाढतं. त्याच ओढण्याने मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचे, बीजकोशाला जागं करणारे ठोके मंदावतात. बीज पिकवणारी एफएसएच आणि एलएच ही संप्रेरकं पुरेशी मिळत नाहीत, बीज पिकत नाही, पाळी येत नाही. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, फक्त अंगावरच पीत असेल आणि पाळी आलेली नसेल, तर दिवस राहण्याची शक्यता सुमारे २ टक्केच. या तिन्हींतली एक गोष्ट बदलली की हा हिशोब मोडतो. शिवाय पाळी दिसण्याआधीच बीज सुटू शकतं, म्हणून 'पाळी नाही, मग कसली भीती' म्हणणाऱ्यांची फजिती होते.

आता चिठ्ठीतली गोळी, क्लोमिफिन. इस्ट्रोजेन हे बीजकोशातलं स्त्री-संप्रेरक; ही गोळी मेंदूतल्या त्याच्या जागा अडवते. मेंदूला वाटतं इस्ट्रोजेन कमी पडलं, आणि तो जास्त एफएसएच सोडतो. पण भाचीची पाळी दुधामुळेच थांबली असेल, तर तिच्या अंगात इस्ट्रोजेन आधीच कमी. अडवायला काही उरलंच नाही, तर मेंदू फसणार कसा? पाजताना पाळी थांबलेली असते तेव्हा ही गोळी बऱ्याचदा वाया जाते, हे मेडिकलच्या काउंटरवर कोण सांगणार! वर दूध कमी होण्याची भीती आहेच. एके काळी क्लोमिफिन दूध आटवण्यासाठीही वापरून पाहिलं होतं.

लेट्रोझोलचा प्रकार वेगळा. स्तनाच्या कॅन्सरसाठी आलेली ही गोळी इस्ट्रोजेन तयारच होऊ देत नाही. वंध्यत्वासाठी तिच्या वापरावर आपल्याकडे २०११ साली बंदी आली होती, २०१७ साली ती उठली. ती शरीरात बराच वेळ टिकते, म्हणून गोळ्या चालू असताना आणि शेवटच्या गोळीनंतर तीन आठवडे अंगावर पाजू नये, असं कंपनीच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. कॅबरगोलिन प्रोलॅक्टिन पाडतं, म्हणजे दूधच थांबवतं. पाजायचं असेल तर ते नकोच. मेटफॉर्मिन, मधुमेहाची गोळी, मात्र दुधात फार थोडं उतरतं आणि सहसा चालतं. एफएसएच आणि बीज सोडवणाऱ्या एचसीजीची इंजेक्शनं म्हणजे मोठाली प्रथिनं. दुधात उतरली तरी बाळाच्या पोटात पचून जातात. पण बीजकोश जागे झाले की संप्रेरकांची चढउतार होते आणि दूध कमी पडू शकतं, ती गोष्ट वेगळी.

जागतिक आरोग्य संघटना दोन बाळंतपणांत पुरेसं अंतर ठेवायला सांगते, पुढच्या प्रयत्नाआधी निदान २४ महिने. छत्तिशीतल्या बाईला हे ऐकवणं सोपं नाही, मलाही जड गेलं. वयाचं गणित खरं आहे, आणि ते डॉक्टरांसमोर मांडून घ्यायलाच हवं.

मिरजेतल्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, "रात्री किती वेळा पाजतेस?" चार वेळा. रात्रीचं ओढणं मेंदूला जास्त दाबून ठेवतं, कारण प्रोलॅक्टिन तेव्हाच चढलेलं असतं. त्यांनी दूध तोडायला सांगितलं नाही, फक्त रात्रीचं हळूहळू कमी करायला सांगितलं. मग पोरगं आजीजवळ झोपू लागलं. पहिले चार दिवस आख्खी गल्ली जागी होती. तिसऱ्या महिन्यात पाळी आली. चिठ्ठी अजून पर्समध्येच आहे.