पीएमपी२२ : दोन नावांचं एक प्रथिन

नसांतल्या तंतूंभोवती मायेलिन नावाचं आवरण गुंडाळणाऱ्या श्वान पेशींची ओळख पटून पावणेदोनशे वर्षं उलटली. त्या कोणतं प्रथिन किती बनवतात, हा प्रश्न मात्र त्या मानाने अलीकडचा. परिघीय, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूबाहेरच्या नसांच्या, मायेलिनमधल्या प्रथिनांत निम्म्याहून जास्त वाटा पी-झीरो या एकट्या प्रथिनाचा. तरी गाजलं ते दोन ते पाच टक्क्यांत बसणारं पीएमपी२२ (पेरिफेरल मायेलिन प्रोटीन २२).

नावाचा गुंता इथलाच. १९८८ साली उंदराच्या पेशींना वाढीसाठी लागणारं सीरम तोडून त्यांची वाढ थांबवली गेली. त्या वेळी जागी झालेली जनुकं ‘ग्रोथ अरेस्ट स्पेसिफिक’, थोडक्यात ‘गॅस’, म्हणून नोंदली गेली. त्यांतलं एक गॅस३. १९९१ मध्ये रॅटची सायटिक नस चिमटून इजेनंतर काय मंदावतं ते शोधणाऱ्यांच्या हाती तेच जनुक लागलं. प्रत्येकाने आपापलं नाव दिलं, पण वर्षभरात टिकलं ते पीएमपी२२. त्यातला २२चा आकडा किलोडाल्टनमधल्या वजनाचा, आणि तोही प्रथिनाला चिकटलेल्या साखरेसकटचा आहे. १६० अमिनो आम्लांची साखळी नुसती मोजली तर १८ किलोडाल्टनच भरते.

मला विचाराल तर हे बारसं जरा घाईचंच झालं. हे जनुक फुप्फुसात आणि आतड्यातही चालतं. त्याला दोन प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारे भाग, आहेत आणि मायेलिन बनताना जोर धरतो तो त्यांतला एकच. पण ‘मायेलिनचं प्रथिन’ असा शिक्का बसल्यावर वाढ रोखण्याशी असलेलं नातं अनेकांच्या लेखी तळटीप झालं.

शिक्का पक्का व्हायला कारण घडलं ते आजाराचं. हे जनुक ज्यात आहे तो सतराव्या गुणसूत्रावरचा सुमारे १५ लाख बेसजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा दुप्पट झाला की शार्को-मारी-टूथ १ए हा नसांचा आनुवंशिक आजार होतो, हे १९९१ मध्ये कळलं. १९९३ मध्ये तोच तुकडा गळालेली माणसं सापडली. पायावर पाय टाकून बसलं तरी त्यांची नस दबून पाऊल लुळं पडू शकतं. म्हणजे प्रथिन निर्दोष, बिघडतं ते प्रमाण. १९५१ पासून पाळल्या जाणाऱ्या थरथरत्या उंदरात मात्र याच जनुकातलं एक अक्षर बदललेलं निघालं.

निरोगी श्वान पेशीही बनवलेलं बहुतेक पीएमपी२२ पेशीच्या पटलापर्यंत पोचण्याआधीच मोडून टाकते. त्यामुळे उपचाराचा सगळा रोख मात्रा उतरवण्यावर राहिला. २००४ मध्ये उंदरांना व्हिटॅमिन सी लागू पडलं. माणसांवरच्या चाचण्यांत नाही. २०१८ मध्ये प्रथिनाचा निरोप नेणाऱ्या आरएनएलाच अडवणारे छोटे तुकडे उंदीर आणि रॅट दोघांतही उपयोगी ठरले.