वर्षावन आणि २० टक्के ऑक्सिजन: खुलासा

'अ‍ॅमेझॉनचं जंगल जगाला २० टक्के ऑक्सिजन पुरवतं' हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. झाडं ऑक्सिजन सोडतात हे खरंच. पण तीच झाडं दिवसरात्र श्वसनही करतात, आणि गळलेला पाला, पडलेली खोडं कुजताना उरलेला जवळपास सगळा ऑक्सिजन तिथेच संपतो.

घरी बघता येतं. काचेची बरणी कडुलिंबाच्या ओल्या, कुजक्या पाल्याने आणि मूठभर मातीने निम्मी भरा, घट्ट झाकून आठवडाभर अंधारात ठेवा. मग पेटती मेणबत्ती तारेने अलगद आत सोडा. विझते. झाकण सैल राहिलं तर मात्र विझणार नाही.

जंगलाचं खरं मोल साठलेल्या कार्बनमध्ये आणि पाण्यात आहे. आपली उजनी भरणारी भीमा भीमाशंकरच्या रानातच उगम पावते.

म्हणून जंगल राखण्यासाठी अनुदान मागणाऱ्या प्रस्तावात 'ऑक्सिजननिर्मिती' हे उद्दिष्ट लिहू नका. अहवालात ते मोजून दाखवता येत नाही. १.३७ मीटर उंचीवरचा खोडाचा घेर, उन्हाळ्यातला ओढ्याचा प्रवाह लिहा. आदिवासी गावाच्या ग्रामसभेचा ठरावही प्रस्ताव पाठवण्याआधीच घ्या. मंजुरीनंतर गावाला आराखड्यात बदल सुचवायला फारशी जागा उरत नाही.