सिद्दी समाज : नागरिकत्व आणि कायदेशीर हक्क

आफ्रिकी वंशाचा भारतीय समाज. पूर्व आफ्रिकेतून कोणी गुलाम म्हणून आणले गेले, कोणी सैनिक, कोणी खलाशी म्हणून आले. मराठी वाचकाला सिद्दी म्हटले की मुरूडचा जंजिरा आठवतो. पण बहुसंख्य सिद्दी नवाबी घराण्यातले नव्हेत. ते गुजरात आणि कर्नाटकातले शेतकरी व मजूर आहेत.

नागरिकत्वाचा प्रश्न संविधानाच्या 5व्या अनुच्छेदाने मिटला : इथे जन्मलेला आणि इथलाच रहिवासी, तो भारतीय. तरीही ‘तुम्ही कुठल्या देशाचे?’ हा प्रश्न त्यांना आजही ऐकावा लागतो.

हक्कांची खरी गाठ आहे अनुसूचित जमातीच्या यादीत. 342व्या अनुच्छेदानुसार ही यादी राज्यवार निघते आणि सिद्दींच्या बाबतीत गुजरात आणि कर्नाटकात ती ठरावीक जिल्ह्यांपुरती मर्यादित आहे. गुजरातेत सौराष्ट्रातले सिद्दी यादीत आहेत. बावा गोर यांचा दर्गा असलेले रतनपूर मात्र भरूच जिल्ह्यात येते, म्हणून तिथले सिद्दी यादीबाहेर. गोव्याच्या यादीत ‘सिद्दी (नायका)’ अशी नोंद आहे. महाराष्ट्राच्या यादीत सिद्दी नाहीत.

कर्नाटकातल्या सिद्दींचे अनेक पूर्वज पोर्तुगीज गोव्यातून पळून घाटावरच्या रानात शिरले. त्यांची बोली कोकणी वळणाची, मराठी-कन्नड मिसळलेली. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान असे तिन्ही धर्मांचे लोक त्यांच्यात आहेत, आणि जमातीच्या दर्जाला धर्माची अट नाही. 2003 मध्ये हा दर्जा मिळाला तो फक्त उत्तर कन्नड जिल्ह्याला. हल्याळचा सिद्दी आदिवासी ठरला. शेजारच्या खानापूर किंवा कलघटगीतला त्याचा सोयरा ठरला नाही.

या फरकाची किंमत जमिनीत मोजावी लागली. 2006च्या वनहक्क कायद्याखाली अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवला की पुरते. इतरांना मात्र त्याआधीच्या 3 पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. जे लपण्यासाठीच जंगलात आले, त्यांच्या घरी 1930चा कागद कुठून असणार? नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, शेताचे बांध, विहिरी, जुनी थडगी हेही पुरावे मानले आहेत, हाच काय तो आधार.

2020च्या दुरुस्तीने बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतले सिद्दीही यादीत आले. त्याच वर्षी शांताराम सिद्दी कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्त झाले; तिथवर पोहोचलेले ते या समाजातले पहिलेच. भरूचच्या सिद्दींसाठी जिल्ह्याची रेषा अजून तशीच आहे.