आयटीआय की पॉलिटेक्निक? दहावीनंतरची गल्लत

दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात पालक येऊन बसतात. हिंगणघाटच्या अलीकडचं गाव, बहुतेकांची पाच-सात एकर कोरडवाहू शेती, कापूस नाहीतर सोयाबीन. प्रश्न दरवर्षी तोच असतो. ‘गुरुजी, पोट्ट्याले आयटीआयले टाकू का पॉलिटेक्निकले? दोन्हीत मशिनीचंच शिकवतेत ना जी?’

मशीन तीच असते हे खरं. तिच्यापाशी माणूस कोणत्या कामासाठी उभा राहतो, ते वेगळं असतं.

जिनिंगचंच बघा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना, आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. ऐन हंगामात डबल रोलर जिनचं बेअरिंग तापलं, तर जिन थांबवून बेअरिंग बदलणारा आणि पातं-रोलरची जुळणी पुन्हा करणारा फिटर लागतो. मोटर का उचलत नाही, हे टर्मिनल उघडून शोधणारा इलेक्ट्रिशियन लागतो. हे हात आयटीआय घडवते. पण त्याच जिनिंगमध्ये चार जिन वाढवायच्या ठरल्या, तर मोटर किती एचपीची, केबल किती जाडीची, पॅनल कुठे बसेल, खर्च किती, हा हिशेब मांडून ड्रॉइंग करणारा आणि दहा माणसांकडून काम करून घेणारा माणूस पॉलिटेक्निकमधून येतो. दिवाळी ते होळी चाललेल्या जिनिंगला यातला एकही कमी पडून चालत नाही.

शिकवण्याची तऱ्हाही त्यावरूनच ठरते. आयटीआयमध्ये दिवसाचा मोठा भाग वर्कशॉपमध्ये जातो. सुरुवातीचे आठवडे फिटरचा पोरगा कानस चालवत असतो, लोखंडाचा तुकडा काटकोनात येईपर्यंत. वेल्डर, डिझेल मेकॅनिक हे ट्रेड, म्हणजे आयटीआयचे कोर्स, एक वर्षाचे. फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन दोन वर्षांचे. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तीन वर्षांचा, सहा सेमिस्टरचा. त्यातलं पहिलं वर्ष बरंचसं गणित, विज्ञान आणि इंग्रजीचं असतं, आणि आपली मराठी माध्यमाची मुलं इथेच अडखळतात.

हे मी पाहिलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलाला मीच पॉलिटेक्निकला पाठवलं. हात विलक्षण होता त्याचा. घरची फवारणीची मोटर तो नववीत असताना दुरुस्त करायचा. मला वाटलं, एवढा हुशार पोरगा, याला ‘मोठ्या’ कोर्सलाच पाठवावं. गणिताचे दोन पेपर राहिले, मग आणखी दोन, आणि दुसऱ्या वर्षी तो गावी परतला. त्याचा कल हातात होता. मी त्याचे मार्क पाहिले आणि कोर्सचा मान पाहिला. ती चूक माझी होती, आणि अजून सलते.

नोकरीच्या जाहिरातीत हा फरक अगदी उघड दिसतो. रेल्वेत टेक्निशियन ग्रेड ३ साठी आयटीआय लागतो, सातव्या वेतन आयोगात मूळ वेतन १९,९००. ज्युनिअर इंजिनिअरला डिप्लोमा किंवा डिग्री लागते, मूळ वेतन ३५,४००. नुसत्या आयटीआयवर दुसरा अर्ज भरताच येत नाही. कोळसा खाणीत ओव्हरमन, म्हणजे कामावर देखरेख करणारा, व्हायचं तर मायनिंगचा डिप्लोमा आणि वर खाण सुरक्षा खात्याचं प्रमाणपत्र. याउलट महावितरणचा विद्युत सहाय्यक, म्हणजे खांबावर चढणारा माणूस, इलेक्ट्रिशियन-वायरमनच्या आयटीआयवर घेतात.

म्हणून मी आता पालकांना आधी विचारतो, पोरगं कुठे काम करायला तयार आहे? चंद्रपूर-वणी पट्ट्यात कोळसा आहे, ऊर्जानगरचं वीज केंद्र आहे, गडचांदूरकडे सिमेंट, बल्लारपूरला कागद. भंडाऱ्याकडे आयुध निर्माणी, तुमसरजवळ मॅंगनीजच्या खाणी. गोंदियाकडे भाताच्या गिरण्या. आणि बुटीबोरी तर आपल्याला जवळच. यातले मोठे कारखाने आयटीआय झालेल्यांना ॲप्रेंटिस म्हणून घेतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली साधारण वर्षभराचं काम, विद्यावेतनासह, आणि शेवटी परीक्षा होऊन प्रमाणपत्र. ही ॲप्रेंटिसशिप म्हणजे पक्की नोकरी नव्हे, हे घरी आधीच सांगून ठेवावं. पण अनुभवाचा तो कागद पुढे कामी पडतो. डिप्लोमावाल्यांनाही वर्षभराची ॲप्रेंटिसशिप असते, तिची नोंदणी वेगळी.

दुसरा प्रश्न पैशाचा. सरकारी आयटीआय बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी आहे, एसटीनं जाऊन-येऊन होतं, फी थोडी. सरकारी पॉलिटेक्निक मोजक्या गावी: ब्रह्मपुरी, खामगाव, मूर्तिजापूर, आणि काही जिल्ह्यांची ठिकाणं. तिथे खोली आली, मेस आली, आणि कमाई तीन वर्षं लांबली.

पण एक गोष्ट फार थोड्या पालकांना ठाऊक असते. दोन वर्षांचा आयटीआय झाला की त्याला जुळणाऱ्या शाखेच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्याही थेट दुसऱ्या वर्षात. म्हणजे आज परिस्थितीमुळे फिटर झालेली मुलगी उद्या ज्युनिअर इंजिनिअरचा अर्ज भरू शकते. ही वाट एक वर्षाच्या ट्रेडवाल्यांना मिळत नाही. सेतू केंद्रात घाईत फॉर्म भरला जातो, जवळचा ट्रेड आधी टाकला जातो, आणि वर्षं किती हे कोणी पाहत नाही. ट्रेडच्या नावापुढे कालावधी लिहिलेला असतो. पुढे शिकायची जराही इच्छा असेल, तर दोन वर्षांचे ट्रेड वर टाका आणि एक वर्षाचे खाली. फॉर्म कन्फर्म करण्याआधी तो कागद शाळेत घेऊन या, मी बसून पाहून देतो.